सांडव्यावर रजा

आवाज आधी आला, पाणी नंतर दिसलं.
मला वाटलं, मोठी लाइन फुटली.
हात खिशात गेलासुद्धा, फोन चाचपायला.
मग आठवलं, आज रजा.
आणि हे फुटलेलं नाही,
हे पडतंय.

रिक्षात आम्ही सहाजण होतो, मांडीवर डबे,
तुळजापूर रोडच्या वाऱ्यात राजव्वाचा पदर
सारखा ड्रायव्हरच्या आरशावर.
हिप्परग्याचा तलाव भरलाय, सांडवा वाहतोय,
म्हणून अर्धं सोलापूर चप्पल हातात घेऊन
चिखलातून चाललेलं.

बावीस वर्षं मी पाणी सोडतो.
खांद्याएवढी लोखंडी चावी,
रस्त्यातल्या खड्ड्यात तिचं तोंड बसवायचं,
बारा आटे डावीकडं,
शास्त्रीनगर जागं होतं.
दोन तासांनी बारा आटे उजवीकडं,
माझ्या आईचं नाव निघतं.
पुन्हा पाचव्या दिवशी.
शाहेदाबी घागर कडेवर घेऊन आडवी येते,
'व्यंकटी, दोनच राहिल्यात की रे.'
मी घड्याळ दाखवतो.
घड्याळ माझं आहे,
वेळ ऑफिसची.

धबधबा म्हणावा असा काही तो नाही.
कॅलेंडरवर छापतात तसा तर मुळीच नाही.
दोन पुरुष उंच असेल,
चहात दूध कमी पडल्यावर होतो तसला रंग,
त्याच्याखाली बनियनवरची पोरं किंचाळतायत,
एक म्हातारा चष्म्यासकट उभा,
कणसंवाला धुरात डोळे चोळत पैसे मोजतोय.
मी मात्र बघतोय दगडाच्या फटीत,
कडेच्या गवतात, पार पलीकडच्या बाभळीपर्यंत.
'काय शोधायलास?' राजव्वा म्हणाली.
काही नाही, म्हटलं.
चावी कुठं बसते, ते शोधत होतो.

नागमणीनं बोट धरलं.
'नायना, ह्याची पाळी किती वाजेपर्यंत?'
मला सांगता येईना.
बावीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं,
पाणी समोर
आणि मला वेळ माहीत नाही.

राजव्वानं हात धरले धारेखाली.
धुतले नाहीत, नुसते धरले.
रोज हजार विड्या वळून
बोटांच्या पेरांत बसलेला तंबाखू
असा एका दिवसात जात नसतो, तिला ठाऊक आहे.
तरी उभी राहिली, डोळे मिटून,
आत काहीतरी मोजत असल्यासारखी.
मग पिशवीतून पाच लिटरचा कॅन काढला.
'अगं, हे कशाला आणलंस?'
'सवय.'
'गढूळ आहे ते.'
'असू दे. संडासला होतंय.'

तेवढ्यात मागून पाठीवर पाणी बसलं, ओंजळभर.
शाहेदाबी.
सगळं खानदान घेऊन आलेली, सुनांसकट,
बुरखा गुडघ्यापर्यंत चिंब.
मी सवयीनं मान खाली घातली.
ती दात नसलेल्या तोंडानं हसली,
'तू तर इथंच आहेस बे,
मग हे सोडलं कुणी?'
आणि अजून एक ओंजळ.

परतताना प्रत्येक खड्ड्याला कॅन डुचमळत होता.
झाकण सैल होतं.
नागमणीची चड्डी भिजली, ती झोपलेलीच.
कुणी काही बोललं नाही.
जुन्या पुणे नाक्यावर पेट्रोलचा वास आला,
तेव्हा कळलं, गाव आलं.

कॅन अजून दाराशी आहे.
गाळ खाली बसलाय, बोटभर,
वर काचेसारखं पाणी.
संडासला कुणी नेलं नाही.
का ते राजव्वाला विचारलं नाही मी.

गुरुवारी शास्त्रीनगर.
पहाटे साडेचार, खड्ड्यात वाकून
बारा आटे डावीकडं.
साडेसहाला उजवीकडं फिरवायला लागलो
तर शाहेदाबी समोर, कडेवर घागर.
आडवी आली नाही. दोनच राहिल्यात, म्हणाली नाही.
नुसती उभी, माझ्या हाताकडं बघत.
नऊ, दहा,
अकरा झाले की बारा,
मोजताना चुकलो बहुतेक.